चिंच तोडायची का? वाघळांच्या तपासणीबद्दल एका गुरुजींना उत्तर

उत्तर सोलापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींनी विचारलं आहे. शाळेमागं बारवेजवळ जुनी चिंच आहे, तिच्यावर तीनेकशे वाघळं असतात. गेल्या मे महिन्यात दोन दिवस भर दुपारी मिळून एकोणीस वाघळं मरून खाली पडली, त्यांत पिल्लं जास्त. मग बाहेरून एक पथक आलं, पांढरे किट घालून पहाटे जाळ्या लावल्या, नमुने घेतले आणि गेलं. अहवाल गावाला कोणी कळवला नाही. आता ग्रामसभेपुढं चिंच तोडायचा विषय आहे. त्या लोकांनी शोधलं काय, काही 'पॉझिटिव्ह' निघालं तर त्याचा अर्थ काय, आणि झाड ठेवायचं की पाडायचं?

गुरुजी, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. चिंच तोडू नका. फटाके वाजवून किंवा धूर करून वाघळं उठवूही देऊ नका. कारणं पुढं सांगतेच, पण ग्रामसभा तोंडावर आली असेल तर एवढं तरी आजच सरपंचांच्या कानावर घाला. मी पशुवैद्यक आहे, सोलापुरात राहते, आणि सतरा वर्षं वटवाघळांचे नमुने घेणाऱ्या पथकांबरोबर काम करत आले आहे.

आधी त्या एकोणीस वाघळांबद्दल. सोलापूरचा मे महिना मी तुम्हाला काय सांगावा! पारा ४३-४४ ला टेकतो. मोठं फळखाऊ वाघूळ, शास्त्रात ज्याला टेरोपस म्हणतात, ते पाकोळ्यांसारखं, म्हणजे छोट्या किडेखाऊ वाघळांसारखं, माळवदाच्या सांदीत किंवा देवळाच्या गाभाऱ्यात राहत नाही. ते उघड्या फांदीवर उन्हात लटकतं. तापलं की पंखानं वारा घेतं, मग पंखांना लाळ लावून अंग गार करतं, मग सावली शोधत खोडाकडं सरकतं. तेवढ्यानंही भागलं नाही तर फांदीवरची पकड सुटते. ऑस्ट्रेलियात याच कुळातल्या वाघळांवर बारकाईनं अभ्यास झाला आहे. ४२ अंशांच्या पुढं त्यांच्या सामूहिक मृत्यूंना सुरुवात होते, आणि आधी जातात ती पिल्लं आणि दूध पाजणाऱ्या माद्या. तुम्ही लिहिलेली वेळ, ऊन आणि पिल्लांची संख्या, तिन्ही गोष्टी उष्माघाताकडंच बोट दाखवतात.

इथं एक गोष्ट लोकांना उलटी वाटते, म्हणून जरा थांबून सांगते. ज्या निपाहची गावात चर्चा आहे, तो वाघळांकडून माणसांत येऊ शकणारा जीवघेणा विषाणू अंगात असलेलं टेरोपस वाघूळ सहसा आजारी दिसतच नाही. ते खातं, उडतं, पिल्लू पाजतं. म्हणजे झाडाखाली मेलेल्या वाघळांचा ढीग ही निपाहची खूण नव्हे, आणि झाडावरची सगळी वाघळं धडधाकट दिसतात म्हणून विषाणू नाही असंही नव्हे. डोळ्यांनी कळत नाही, म्हणून तर नमुने घ्यावे लागतात. मला स्वतःला वेगळ्याच दृश्याची जास्त काळजी वाटते: ऊन तापलेलं नसताना, दिवसाढवळ्या एकटंच जमिनीवर सरपटणारं आणि जवळ गेलं की चावायला येणारं वाघूळ. रेबीजच्या जातकुळीतले काही विषाणू वाघळांत असतात. श्रीलंकेतल्या मोठ्या वाघळांत असा एक सापडलेलाही आहे. तसं वाघूळ दिसलं तर मुलांना लांब ठेवा. कोणाला चावलं किंवा ओरखडलं, तर जखम पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि तडक सरकारी दवाखाना गाठा.

वाघळं विषाणू बाळगूनही तगतात कशी? थोडक्यात एवढंच की उडणं ही शरीरासाठी फार खर्चाची गोष्ट आहे. त्या ताणाशी जुळवून घेता घेता वाघळांची प्रतिकारशक्ती वेगळी घडली आहे. विषाणूला आवरणारी यंत्रणा सतत थोडी जागी असते, पण आपल्याला निपाहमध्ये किंवा कोविडमध्ये मारणारा दाहाचा भडका त्यांच्यात मंद असतो. विषाणू राहतो आणि प्राणीही राहतो. हजारो पिढ्या चाललेला हा संसार आहे. आपण मध्ये गेल्याशिवाय तो सहसा आपल्या दारात येत नाही.

आता पथकानं काय केलं ते. तुमच्या गावात मी नव्हते, पण अशा पहाटा मी शेकड्यानं पाहिल्या आहेत. गावकऱ्यांनी त्या लांबून, अंधारात पाहिलेल्या असतात आणि भीती तिथंच उपजते, म्हणून हे नीट सांगते.

मोठी वाघळं संध्याकाळी चरायला जातात आणि पहाटे परततात. त्या परतीच्या वाटेवर, उंच बांबूंना कप्पी लावून, बारीक धाग्याची जाळी चढवतात. जाळ्याखालून माणूस हलत नाही. वाघूळ अडकलं की मिनिटाभरात जाळी खाली घेऊन ते सोडवायचं, नाहीतर ते स्वतःचे पंख फाडून घेतं. मग सुती पिशवीत घालून टेबलापाशी आणायचं आणि हलकी भूल द्यायची. नर की मादी, पिल्लू की वयात आलेलं, मादी गाभण आहे का, पाजते आहे का, सगळं वहीत. व्हर्निअर कॅलिपरनं पुढच्या बाहूच्या हाडाची लांबी, काट्यावर वजन. मग घशातला एक स्वॅब आणि गुदद्वारातला एक. लघवी झाली तर तीही टिपायची. पंखाच्या शिरेतून थोडं रक्त. वजनाच्या एक टक्क्यापलीकडं रक्त घ्यायचं नाही हा दंडक आहे, प्रत्यक्षात दोन-तीन मिलिलिटर पुरतं. शुद्धीवर आलं की ग्लुकोजचं पाणी पाजून सोडायचं. किलोभराचा, पंख पसरले की चार फुटांचा तो जीव हातातून उडून पुन्हा त्याच फांदीवर जाऊन लटकताना पाहिला, की रात्रभराचं जागरण विसरायला होतं.

पांढरे किट, मास्क, गॉगल, दुहेरी हातमोजे आणि वर कातडी मोजे हे सगळं नमुने घेणाऱ्याच्या रक्षणासाठी असतं, आणि माणसाच्या शिंका-खोकल्यापासून वाघळांच्याही. आम्ही सगळ्यांनी आधीच रेबीजची लस टोचून घेतलेली असते. गावाला मात्र हे कोणी सांगत नाही. किट पाहून लोक धरून चालतात की हवेतच काहीतरी आहे. बार्शीकडच्या एका गावात तर आमच्या टेबलाखालच्या वाफाळत्या डब्याला पाहून बायका मुलांना घेऊन घरात गेल्या होत्या. तेवढ्यात एक दूधवाले आजोबा पुढं आले आणि म्हणाले, "अगं, ही तर रेतनाची टाकी! आपल्या गाई भरवायला डॉक्टर आणत नाहीत का?" खरंच तीच ती. द्रव नायट्रोजनचा डबा. वळूचं वीर्य जसं त्यात टिकतं, तसेच स्वॅब टिकतात. आपल्याकडं सकाळी नऊलाच ऊन चटके देतं आणि विषाणूचं जनुकीय द्रव्य उष्णतेनं झपाट्यानं मोडतं. त्या आजोबांच्या एका वाक्यानं जे काम केलं ते माझ्या अर्ध्या तासाच्या भाषणानं झालं नसतं. त्या दिवसापासून मी जाळी लावायच्या आदल्या संध्याकाळी पारावर सगळं सामान मांडते आणि प्रत्येकाला हात लावून पाहू देते.

वाघूळ न पकडताही एक नमुना घेता येतो. पहाटे झाडाखाली प्लास्टिकचे कागद अंथरायचे आणि पडणारे लघवीचे थेंब टिपायचे. कोणाला त्रास नाही, धोका कमी. उणीव अशी की एका कागदावर किती जणांचे थेंब मिसळले ते कळत नाही. या झाडावर विषाणू बाहेर पडतोय का, याचं उत्तर मिळतं, पण किती वाघळांत आहे याचं मिळत नाही.

'पॉझिटिव्ह' हा शब्द कोविडनं घराघरांत नेला, पण वाघळांच्या बाबतीत त्याचे निदान तीन वेगळे अर्थ होतात. पहिला, रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, सापडली. म्हणजे या वाघळाची त्या विषाणूशी, किंवा त्याच्या एखाद्या भावंडाशी, आयुष्यात कधीतरी गाठ पडली होती. 'भावंडाशी' म्हणायचं कारण असं की जवळच्या विषाणूंची प्रतिपिंडं एकमेकांच्या चाचणीत फसवतात. पिल्लाच्या रक्तात ती आईकडूनही आलेली असतात. दुसरा, आरटी-पीसीआरमध्ये जनुकीय तुकडा सापडला. म्हणजे त्या पहाटे विषाणू किंवा त्याचे अवशेष तिथं होते. तिसरा, जिवंत विषाणू वाढवता आला. हे क्वचितच जमतं, आणि निपाहसाठी त्याला सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा लागते. देशातली अशी पहिली प्रयोगशाळा आपल्या पुण्यात, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, २०१२ मध्ये सुरू झाली. या तिन्हींपैकी कशाचाही अर्थ 'गावात रोग आला' असा होत नाही.

'निगेटिव्ह'चंही तसंच, आणि हे मी जास्त ठासून सांगते, कारण त्यावर लोक निर्धास्त होतात. तुमच्या चिंचेवर तीनशे वाघळं आहेत. समजा त्यांतल्या तिघांच्या अंगात त्या पहाटे विषाणू होता. पथकानं तीस पकडली असतील, तर तिन्ही बाधित वाघळं जाळ्याबाहेर राहण्याची शक्यता ७३ टक्के येते. निदान एक तरी हाती लागेल अशी ९५ टक्के खात्री हवी असेल, तर १९० च्या आसपास पकडावी लागतील. सातवी-आठवीच्या मुलांना वर्गात चिठ्ठ्या टाकून हे करून दाखवा: तीनशे चिठ्ठ्या, तीन लाल, आणि डोळे मिटून तीस उचलायच्या. चार गटांपैकी तीन गटांच्या हाती एकही लाल चिठ्ठी येणार नाही. मुलांच्या तोंडून हे घरोघरी जाईल.

त्यात हंगामाची भर. विषाणू वर्षभर सारखा बाहेर पडत नाही. युगांडातल्या गुहांमधल्या रुसेटस या फळखाऊ जातीच्या वाघळांत मारबुर्ग या इबोलाच्या कुळातल्या विषाणूचं प्रमाण वर्षातून दोनदा वर जातं, आणि ते पिल्लं साधारण सहा महिन्यांची होऊन आईकडून आलेलं संरक्षण संपतं त्याच सुमाराला. ऑस्ट्रेलियात मोठ्या वाघळांना फुलोरा कमी मिळाला, उपासमार झाली, की निपाहचा भाऊबंद हेंड्रा विषाणू जास्त सुटतो. बांगलादेशात एकाच भागातल्या वाघळांचे वर्षानुवर्षं नमुने घेतल्यावर दिसलं की कळपाची प्रतिकारशक्ती हळूहळू ओसरते, मग निपाहचा एक फेरा येतो, मग पुन्हा शांतता. म्हणून एका पहाटेच्या नमुन्यांवरून गावाबद्दल बोलणं म्हणजे पाडव्याच्या दिवशी उजनीचं पाणी मोजून वर्षाचा पाऊस सांगणं. त्याच झाडाशी, वेगवेगळ्या ऋतूंत, पुन्हा पुन्हा जावं लागतं.

आपल्या राज्यात काय सापडलं आहे, हेही तुम्हाला ठाऊक असावं. मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वाघळांचे नमुने घेतले गेले आणि त्यांत निपाहच्या खुणा आढळल्या. त्या रुसेटस जातीच्या वाघळांत होत्या आणि छोट्या पाकोळ्यांतही. बातम्या आल्या तेव्हा लोक घाबरले, पण त्यातून महाबळेश्वरात कोणाला निपाह झाला नाही. त्याआधी, २०१० मध्ये, महाराष्ट्रातल्याच रुसेटस वाघळांत एक अगदी नवा विषाणू मिळाला होता. त्याचं नाव मालसूर. आणि २०२० च्या एप्रिलमध्ये केरळ, तामिळनाडू, पुद्दुचेरी, हिमाचल इथल्या वाघळांत कोरोना कुळातले विषाणू सापडल्याचं प्रसिद्ध झालं. ५०८ टेरोपसपैकी २१ आणि ७८ रुसेटसपैकी ४. टाळेबंदीच्या दिवसांत ती बातमी 'वाघळांत कोरोना सापडला' अशी फिरली. ते कोविडचे विषाणू नव्हतेच, पण तेवढं वाचायला कोणाला सवड नव्हती.

आणि केरळातलं कोळिकोड. २०१८ च्या मे महिन्यात पेरांब्रा भागात निपाह आला. पहिल्या रुग्णाच्या कुटुंबाच्या विहिरीत वाघळं होती. ती पकडून तपासली, सगळी निगेटिव्ह. कारण ती किडे खाणारी जात होती. नंतर त्याच परिसरातल्या मोठ्या फळखाऊ वाघळांचे नमुने घेतले, तेव्हा ५२ पैकी १० मध्ये निपाह निघाला. कोणतं वाघूळ, हे न पाहता केलेली तपासणी दिशाभूल करते. आपल्या सोलापुरात तर नावांचीच तीन भाषांत सरमिसळ आहे. मराठी घरात वाघूळ आणि पाकोळी, कन्नड घरात बावली, तेलुगू घरात गब्बिलम. गावकरी 'ते आलं होतं' म्हणतात तेव्हा मी आधी विचारते: केवढं? रात्री दिव्याभोवती किडे टिपतं ते, की पेरू-चिकूवर बसतं ते?

आता चिंचेचं. याबद्दल बोलताना मला एक जुनी गोष्ट सांगावीच लागेल, आणि ती सांगताना आजही वाईट वाटतं. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका पथकात होते. एका गावातल्या पडक्या वाड्यातून आम्ही नमुने घेतले. अहवाल वरच्या कार्यालयात गेला आणि तिथंच राहिला. गावाला कळवायचं आमच्यापैकी कोणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही. वर्षभरानं कुठल्याशा वेगळ्याच जिल्ह्याची बातमी वाचून त्या गावानं वाड्यात पेंढा पेटवला. शेकडो वाघळं होरपळली. उरलेली पांगली, आणि त्यांतली बरीचशी शाळेच्या छपराखाली जाऊन राहिली, जिथं आधी एकही नव्हतं. मी नंतर तिथं गेले, तेव्हा एका आजीनं एवढंच विचारलं, "बाई, तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं, काही नाही म्हणून?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

वाघळं मारू किंवा हुसकावू नयेत, याला विज्ञानाचाही आधार आहे. युगांडातल्या किटाका खाणीत मारबुर्ग सापडल्यावर तिथली वाघळं मारून संपवली गेली. काही वर्षांत खाणीत नवी वाघळं आली, आणि त्यांत बाधितांचं प्रमाण आधी ५.१ टक्के होतं ते १३.३ टक्के झालं. २०१२ मध्ये त्याच परिसरात माणसांत साथ आली. जुन्या कळपात बरीच वाघळं रोगाला सरावलेली असतात. तो कळप मोडला की रिकाम्या जागी न सरावलेली तरुण वाघळं येतात आणि विषाणूला नवं रान मिळतं. शिवाय हुसकावलेलं, उपाशी, घाबरलेलं वाघूळ जास्त विषाणू सोडतं. चिंच पाडलीत, तर शाळेमागं एका जागी, उंचावर, वर्षानुवर्षं शांत बसलेली वाघळं तुम्ही गावभर वाटून द्याल.

कायद्याचंही सांगते. १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत चिंच आहे, परवानगीशिवाय ती तोडता येत नाही. फळखाऊ वाघळांना १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बरीच वर्षं 'उपद्रवी' प्राण्यांच्या यादीत टाकलेलं होतं. २०२२ च्या दुरुस्तीनं ती यादीच रद्द झाली. द्राक्ष-डाळिंबवाल्यांचं नुकसान होतं हे मला मान्य आहे, माझ्या माहेरचा मळाही पंढरपूरकडं आहे. त्यावर बागेला जाळी हा खर्चाचा पण खरा उपाय आहे. वाघूळ मारणं हा नव्हे.

मग करायचं काय? झाडाखाली मुलांना खेळू किंवा डबा खाऊ देऊ नका. फांद्यांच्या सावलीएवढी जागा काट्यांनी किंवा दोरीनं आखून घ्या. चिंचा वेचायच्या असतील तर धुवून, टरफल काढूनच घरात. कुरतडलेलं फळ फेकून द्यायचं, चांगला भाग कापूनही खायचा नाही. बारवेचं पाणी कोणी पीत असेल तर वर जाळी टाका आणि पाणी उकळून घ्या. गावात कोणी शिंदीची नीरा काढत असेल तर त्यांच्याशी मुद्दाम बोला. बांगलादेशात निपाह माणसांत येतो तो मुख्यतः खजुरीच्या कच्च्या रसातून, कारण रात्री मडक्याशी वाघळं रस चाटतात आणि तिथंच मुततात. तिथं मडक्याभोवती बांबूच्या कामट्यांची झालर बांधतात. आपल्याकडंही ती सहज जमेल. सांधेदुखीला वाघळाचं तेल काढणारे अजून आहेत, त्यांना मात्र स्पष्ट शब्दांत थांबवा. सोलणं आणि चिरणं यातच सगळ्यात जवळचा संपर्क येतो.

उन्हाळ्यात पुन्हा वाघळं पडली तर उघड्या हातानं उचलू नका. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक फिरवा आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यालाही कळवा. ताजं शव दुहेरी पिशवीत, बर्फावर, काही तासांत पोचलं तरच त्यातून काही कळतं. उरलेली खोल खड्ड्यात, चुना घालून पुरा. पडलेलं पण जिवंत असलेलं वाघूळ पाहून जीव कळवळतो, तरी हात लावू नका. फवारणीच्या पंपात साधं पाणी भरून लांबून फांद्यांवर फवारलं तरी बरीच तग धरतात. पंप मात्र औषध न मारलेला हवा.

राहिला अहवाल. तो मागायचा तुम्हाला अधिकार आहे असं मी मानते. अशा पथकाला वनविभागाची लेखी परवानगी लागते. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडं तिची नोंद असेल, तिथून पथकाचा पत्ता मिळेल. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर तीन प्रश्न विचारा: कोणत्या जातीची किती वाघळं तपासली, कोणकोणत्या चाचण्या केल्या, आणि पुन्हा कधी येणार. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट मिळवा.

आणि एक काम मुलांबरोबर सुरू करा. दर अमावास्येच्या आसपास, सूर्य मावळताना, झाडापासून शंभर पावलांवर उभं राहायचं. मावळतीच्या उजेडावर वाघळांच्या आकृत्या काळ्या दिसतात. चार मुलं, चार दिशा, प्रत्येकानं आपल्या दिशेनं उडणारी वाघळं मोजायची, अंधार पडेपर्यंत. साधारण पाऊण तास लागतो. वहीत तारीख, वेळ, चौघांचे आकडे, त्या दिवशीचं कमाल तापमान आणि चिंचेखाली काही पडलं असेल तर ते लिहायचं. वर्षभराची अशी वही हातात असेल तर पुढचं पथक आल्यावर कोणत्या महिन्यात जाळी लावायची हे ठरवायला ती लागेल. मलाही एक प्रत पाठवा. पुढच्या मार्चमध्ये, पिल्लं आयांच्या पोटाला बिलगलेली असतील तेव्हा, मी येऊन जाईन.